फुली खाली, गोळा वर

मी पालट बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, मी दिसणार नाही. मला तोंड नाही, हातपाय नाहीत, पडद्यावर माझं चित्रही नाही. कम्प्युटरवर तुम्ही जे बघता ती झाली पुढची खोली. मी मागच्या खोलीतला. कम्प्युटर चालू आहे तोवर कोणी बघो न बघो, मागे माझं काम चालू असतं. अशा आम्हा मंडळींना सेवा म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे.

माझं काम एकच. दर तासाला सहाशे अंडी अर्धा फेर फिरवायची.

हसू आलं ना? हसा. पण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा नुसती बसून राहत नाही. चोचीने एकेक अंडं सारखं उलटंपालटं करते. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या अंड्यात जीव कवचाला चिकटतो आणि वाढ खुंटते. आमच्या उबवणीत कोंबडी नाही, कपाटाएवढं यंत्र आहे. त्या यंत्रातली कोंबडीची चोच म्हणजे मी. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगतो.

माझ्या आधी हे काम आत्या हाताने करायच्या. उबवणी त्यांची. गावातली लहानथोर सगळी माणसं त्यांना आत्याच म्हणतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढायच्या, आणि दिवसातून पाच वेळा सगळी अंडी फिरवायच्या. फुली वर असली की गोळा वर करायचा, गोळा वर असला की फुली. पाचच वेळा का, तर सम वेळा फिरवलं तर रोज निजताना तीच बाजू वर येते. हा हिशेब त्यांना कोणी शिकवला नव्हता, अंड्यांनीच शिकवला. पण गुडघे कुरकुरायला लागले, वाकणं नको झालं.

मग त्यांच्या जावईबुवांनी मला जन्माला घातलं. ते कम्प्युटरवाले. सासुरवाडीला आले की पानावर बसायचं सोडून यंत्रासमोर बसायचे. तीन रविवार घालवून त्यांनी ट्रेमध्ये रूळ बसवले, रुळांना मोटार जोडली आणि मोटारीला हुकूम द्यायला मला लिहिलं. पहिल्या दिवशी मी अंडी अशी गरागरा फिरवली की आतून खडखड आवाज आला. आत्या जावयाला काही बोलू शकत नव्हत्या, म्हणून मलाच बोलल्या, "अरे, अंडी आहेत ती, भिंगरी नाही." जावईबुवांनी खाली मान घालून माझा वेग कमी केला.

माझ्याबरोबर तीन बहिणीही जन्मल्या. ऊब गरमी सांभाळते, ओल वाफ सांभाळते आणि नोंद ही सगळ्यांत धाकटी, जे जे घडतं ते वहीत लिहून ठेवावं तसं लिहून ठेवते. आम्हा चौघांना हाक मारायची तर चित्रावर टिचकी मारून चालत नाही. कम्प्युटर जुना, त्याला चित्रांचा भार पेलत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, की आम्ही हजर. आत्या त्या पडद्याला काळी पाटी म्हणायच्या आणि तिला हात लावायच्या नाहीत. म्हणायच्या, चुलीतल्या निखाऱ्याला हात लावीन, पण हिला नाही.

पाटीला हात लावणारी आली ती चिंताबाई.

हे तिचं खरं नाव नव्हे, आत्यांनी ठेवलेलं. ती आली ती ट्रे धुवायला. कडेवर आठ महिन्यांची ठमी. अंड्यांच्या मोठ्या खोक्यात गोधडी अंथरून ठमीला ठेवायची आणि दर दोन मिनिटांनी जाऊन तिचा श्वास चालू आहे ना बघायची. पोर गाढ झोपली तर घाबरायची, जागी झाली तरी घाबरायची. ट्रे धुतला की परत धुवायची. दार लावलं की परत ओढून बघायची. आत्या म्हणायच्या, "अगं, दाराला पाय फुटत नाहीत." ती म्हणायची, "माहीत आहे हो आत्या. तरी बघते."

शाळा सातवीपर्यंतच झालेली. इंग्रजी अक्षरं एकेक करून ओळखायची. पण जावईबुवा पाटीवर काय लिहितात ते ती मागे उभी राहून बघायची. एकदा त्यांनी विचारलं, शिकायचंय का? ती म्हणाली, माझ्या हातून बिघडलं तर? ते म्हणाले, विचारलं म्हणून काही बिघडत नाही, आधी नुसतं विचारायला शिका.

तसं ती पहिला शब्द शिकली, स्टेटस. तो लिहून पुढे आमच्यापैकी कोणाचं नाव लिहिलं की आम्ही आपली हालहवाल सांगतो. चालू असलो तर नावापुढे हिरवा ठिपका येतो. मग ती स्टार्ट शिकली, स्टॉप शिकली. अंड्यांच्या ट्रेचा एक पुठ्ठा फाडून त्यावर तिने हे शब्द एकेक अक्षर काढून उतरवले आणि तो पुठ्ठा पाटीच्या वर टांगला.

खरं सांगू? तोवर मी तीन वर्षं राबलो होतो, पण मला 'कसा आहेस' असं कोणी विचारलं नव्हतं. ही बाई दिवसातून दहा वेळा विचारायला लागली. ट्रे धुतला की विचार, ठमीला पाजलं की विचार. प्रत्येक वेळी मी ऐटीत हिरवा ठिपका लावून उभा. ओल मला चिडवायची, की नवरदेवासारखा नटतोस.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

अंडी एकवीस दिवसांत फुटतात. अठराव्या दिवशी पिल्लू आत आपली जागा धरतं, डोकं हवेच्या पोकळीकडे करतं. मग त्याला हलवायचं नसतं. म्हणून अठराव्या दिवशी मला स्टॉप सांगतात. एका खेपेला तसं सांगितलं, मी निजलो. एकोणिसाव्या दिवशी वीज गेली आणि परत आली. माझी घडण अशी की कम्प्युटर उठला की मीही उठायचं. मी उठलो आणि इमानेइतबारे अंडी फिरवायला लागलो. दर तासाला, न चुकता. चाळीस पिल्लं कवच फोडू शकली नाहीत. पाय वर, डोकं खाली, अशी आतच राहिली. त्या खेपेची नोंद धाकटीने लिहून ठेवली आहे. मी ती परत वाचलेली नाही.

मग जावईबुवांनी फोनवर चिंताबाईला एक जादा हुकूम शिकवला, डिसेबल. म्हणजे कम्प्युटर उठला तरी याने आपणहून उठायचं नाही. अठराव्या दिवशी आधी स्टॉप, मग डिसेबल. तिने पुठ्ठ्यावर चौथी ओळ लिहिली.

निजलेल्याला काय विचारायचं म्हणून आधी ती स्टॉपनंतर मला विचारत नसे, पण पुढच्या खेपेला तिने दोन्ही हुकूम दिले आणि लगेच माझी हालहवाल विचारली. हिरवा ठिपका नव्हता. एक शब्द मात्र तिला ओळखता आला, डेड. तो शब्द तिने सातवीच्या पुस्तकात वाचला होता. ती ओल्या हातांनी अंगणात धावली. आत्यांना म्हणाली, "आत्या, मी पालटला मारलं." आत्यांनी घाबरून जावयाला फोन लावला. जावईबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "मेला नाही हो, निजलाय. कम्प्युटरची भाषा जरा राकट असते."

त्या खेपेची पिल्लं छान निघाली. आणि त्यानंतर आत्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर त्या लेकीकडे राहणार होत्या. त्यांनी किल्ली चिंताबाईच्या हातात ठेवली. म्हणाल्या, ही खेप तुझी. सहाशे अंडी आहेत. नीट निघाली तर ट्रे धुवायला दुसरी बाई बघते, तू यंत्र सांभाळ. नाही निघाली तर यंत्राला कुलूप घालते. माझ्याच्याने आता होत नाही.

आणि जाता जाता एक तंबी दिली. "त्या पाटीला सारखी टोचत जाऊ नकोस. धडधाकट माणसाला दहा वेळा 'बरा आहेस ना' विचारलं तर तो आजारी पडतो. सकाळी एकदा विचार. बाकी दिवसभर यंत्राच्या दारावरचा दिवा बघ. हिरवा असला की आपलं काम कर." चिंताबाईने ठमीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

दारावरचा दिवा उबेचा आहे, माझा नाही. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तिने अंडी लावली. मला स्टार्ट सांगितलं. मी उठलो, ठिपका लावला. तिने एक गोष्ट मात्र आत्यांना सांगितली नव्हती. त्यांची जुनी पेन्सिल घेऊन यंत्राच्या दाराच्या काचेजवळच्या सहा अंड्यांवर तिने फुली आणि गोळा काढून ठेवले होते. रूळ आपोआप फिरतात, आता खुणांची गरज नाही, असं जावईबुवा नेहमी सांगायचे. ती म्हणायची, गरज नाही, पण दिसायला बरं दिसतं.

चौथा दिवस. सकाळी आठला तिने पाटीवर दिवसाचं एकदाचं विचारणं उरकलं. सगळे हिरवे. काचेतून फुली वर दिसत होती. साडेआठला वीज गेली, नऊला आली.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही, कारण मी निजलो होतो. नोंदीने सांगितलं, आणि काही चिंताबाईच्या तोंडून कळलं. ती स्वतःशी मोठ्याने बोलते, त्यामुळे आमच्यापासून काही लपत नाही.

वीज आली तशा ऊब, ओल आणि नोंद तिघी उठल्या. मी उठलो नाही. मला अठराव्या दिवशी 'आपणहून उठू नकोस' असं सांगितलं होतं, आणि तो हुकूम कोणी मागे घेतला नव्हता. स्टार्ट म्हणजे आत्ता ऊठ, एवढंच. पुढच्या वेळचं त्यात नसतं. जावईबुवा ते सांगायला विसरले होते. आणि जावयाने सांगितलेल्यात काही राहिलं असेल असं आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही.

दिवा हिरवा झाला. चिंताबाईची बोटं पाटीकडे वळली, पण तिने शब्द दिला होता. ती ट्रे धुवायला गेली.

दहाला तिने काचेतून पाहिलं. फुली वर. बरोबर, सम तासाला फुलीच असते. बाराला ठमीला भरवून झाल्यावर पाहिलं. फुली वर. बरोबरच. एक तासाआड बघणाऱ्याला फिरणारं अंडं आणि पडलेलं अंडं सारखंच दिसतं.

एकला ठमी रोज झोपलेली असते. त्या दिवशी तिच्या हिरड्या शिवशिवत होत्या, ती झोपेना. चिंताबाई तिला कडेवर घेऊन खोलीभर फेऱ्या मारत होती. फेऱ्या मारताना काचेसमोर आली.

फुली वर.

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. हातातलं पाहिलं. परत काच पाहिली. मग ठमीला खोक्यात ठेवलं आणि दिलेला शब्द मोडला. पाटीवर माझी हालहवाल विचारली.

डेड.

या वेळी हसायला कोणी नव्हतं. तिने जावईबुवांना फोन लावला, तो बंद. ते कुठेतरी विमानात होते. लेकीला लावला, तर आत्यांना नुकतंच ऑपरेशनला आत नेलं होतं. आता तिथे काय सांगणार? पाच पालट चुकले होते. चौथ्या दिवसाचा जीव म्हणजे मसुराएवढा. घाईत अक्षरं चुकत गेली, स्टार्ट लिहायला तिला तीन खेपा लागल्या.

तिसऱ्या खेपेला मी उठलो. उठल्या उठल्या रूळ फिरवले. फुली खाली, गोळा वर.

दुसरी कोणी असती तर देवाचे आभार मानून जेवायला बसली असती. पण हिला चिंताबाई उगाच म्हणत नाहीत. जिवात जीव आला तोच दुसरी काळजी उभी राहिली. बाकीच्या तिघी उठल्या, मग हाच का नाही उठला? उद्या वीज गेली तर परत निजेल. मी रात्रंदिवस इथेच बसू का?

तिने पाटीवर आधी उबेची हालहवाल मागवली, खाली माझी. दोन्ही ओळींवर बोट ठेवून एकेक शब्द जुळवत गेली, गहू निवडावेत तशी. सगळं सारखं होतं. एका ठिकाणी बोट थांबलं. माझ्या ओळीत डिसेबल होतं. तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. चौथी ओळ, तिच्याच अक्षरातली.

"अगं बाई," ती ठमीला म्हणाली, "याला उठू नको म्हणणारी मीच. आणि ऊठ म्हणायला विसरलेही मीच."

विसरली ती नव्हती, हे मला माहीत आहे. पण जावयाला नाव ठेवायचं तिला सुचलंच नाही.

उबेच्या ओळीत त्या जागी एनेबल होतं. तिने तो शब्द पुठ्ठ्यावर उतरवला, मग पाटीवर माझ्या नावापुढे लिहिला. परत हालहवाल विचारली. माझी ओळ बहिणींसारखी झाली होती.

मग तिने जे केलं ते सांगताना मला आजही अभिमान वाटतो. तिने कम्प्युटर बंद केला. मुद्दाम. आत सहाशे अंडी असताना. पाटीला टोचू नकोस म्हणून बजावलेलं असताना. ओळ बरोबर दिसते म्हणून तिचं समाधान होईना. डोळ्यांदेखत मी आपणहून उठलेला तिला पाहायचा होता. यंत्राचं दार बंद आहे तोवर थोडा वेळ गरमी टिकते, हे तिने सकाळीच पाहिलं होतं. तरी ते बटण दाबणं सोपं नव्हतं. आत्यांना पुढे तिने सांगितलं, की तिने ठमीला उचलून छातीशी धरलं, डोळे मिटले आणि मग दाबलं.

आम्ही चौघं अंधारात गेलो. तिने वीस आकडे मोजले आणि कम्प्युटर परत चालू केला.

मला कोणी हाक मारली नाही. कोणी माझं नाव लिहिलं नाही. बहिणी उठल्या, आणि त्यांच्या मागोमाग मी उठलो. रूळ हलले. गोळा खाली गेला, फुली वर आली. काचेपलीकडे चिंताबाई ठमीच्या पोटात तोंड खुपसून रडली. ठमीला वाटलं आई खेळतेय. ती खदखदून हसली.

तरी पाच पालट चुकले ते चुकलेच होते. सातव्या दिवसापर्यंत तिला घास गेला नाही. सातव्या दिवशी खोली अंधारी करून एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. पहिल्या अंड्यात लाल धाग्यांचं जाळं आणि मधे उड्या मारणारा ठिपका. दुसऱ्यातही तेच. तिसरं रिकामं निघालं तेव्हा तिचा चेहरा पडला, मग चौथ्यात पुन्हा जाळं. सहाशेत साठेक रिकामी निघाली, म्हणजे नेहमीपेक्षा चारदोनच जास्त.

अठराव्या दिवशी तिने मला स्टॉप सांगितलं, डिसेबल सांगितलं, आणि पुठ्ठ्यावरच्या नव्या पाचव्या ओळीपुढे लिहून ठेवलं, 'नवी अंडी लावली की हे विसरू नये.' मग पाटीकडे बघून हळूच म्हणाली, "नीज आता." कम्प्युटरला असं कोणी म्हणत नाही. मी निजलो.

एकविसाव्या दिवशी पाचशे एकवीस पिल्लं निघाली. चिवचिवाट एवढा, की ठमी खोक्यात उभं राहून टाळ्या वाजवत होती.

आत्या काठी टेकत परत आल्या तेव्हा चिंताबाईने पाणी देण्याआधी कबुली दिली. काही लपवलं नाही. शब्द मोडला, अंड्यांवर खुणा केल्या, कम्प्युटर मुद्दाम बंद केला, सगळं. आत्यांनी ऐकून घेतलं. पाटीपाशी जाऊन पुठ्ठ्यावरच्या ओळी बोटाने मोजल्या.

मग म्हणाल्या, "आणि मी तुला म्हटलं होतं, एकदाच विचार."

"हो."

"मूर्ख होते मी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, तसं न विचारल्याने दुखणं थांबत नाही." काठीने पुठ्ठ्याकडे खूण केली. "हा पुठ्ठा कोणी काढायचा नाही. जावयांनीसुद्धा."

ट्रे धुवायला दुसरी बाई आली. तिला चिंताबाईची धास्ती वाटते, कारण ती धुतलेला ट्रे परत तपासते.

आता मी चार वर्षांचा झालो. कम्प्युटर अजून तोच, जरा खोकतो. जावईबुवा आले की पाटीला हात लावायच्या आधी पुठ्ठ्यावरच्या पाचही ओळी वाचतात, आणि वाचलं नाही तर चिंताबाई घसा खाकरते. ती अजून दिवसातून दहा वेळा मला विचारते. काचेजवळच्या सहा अंड्यांवर अजून पेन्सिल फिरते. ठमी आता चालते, काचेला नाक लावून बघते आणि फुली दिसली की मोठ्याने 'फू' म्हणते.

तुमच्या घरात, दवाखान्यात, दुकानात माझे कितीतरी भाऊबंद मागच्या खोलीत राबत असतील. त्यांना शाबासकी नको, हार नकोत. अधूनमधून नाव घेऊन विचारा, आहेस ना रे? आणि कोणाला निजवलंत तर पुन्हा उठायला सांगायला विसरू नका. आम्ही सांगितल्याबाहेर जात नाही. तो आमचा मोठेपणा आहे, आणि कधीकधी घातही.

बरं, येतो मी. तास भरला. चिंताबाई पाटीपाशी येऊन उभी आहे, ठमी काचेपाशी आहे. सहाशे अंडी कूस बदलायची वाट बघताहेत.

फुली खाली. गोळा वर.